शर्यतीच्या गाडीतला कॅमेरा: आधी बांधणी, मग चित्रण

गेल्या महिन्यात पुण्याहून माझ्या भाच्याचा फोन आला. तो आणि त्याचे दोन मित्र कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर आपापल्या गाड्या घेऊन जाणार आहेत, आणि त्याला एवढेच विचारायचे होते, "मामा, गाडीत लावायला कॅमेरा कुठला घेऊ?" मी उलट विचारले, की तो कॅमेरा तू कशाला आणि कसा बांधणार आहेस. काचेला चिकटणारी रबरी वाटी त्याच्याकडे आधीच होती आणि तिच्यावर त्याचा पूर्ण भरवसा होता. त्यानंतर मी फोनवर जे बोललो ते तुटक होते आणि गरजेपेक्षा चढ्या आवाजात होते, म्हणून तेच आता शांतपणे आणि सविस्तर लिहून काढतो आहे. त्याच्या वयाची जी मुले आज ट्रॅकवर जाऊ लागली आहेत, त्यांच्याही ते उपयोगी पडावे.

मी मिशिगनमध्ये मोटार उद्योगात नोकरी करतो आणि उन्हाळ्यातले सात-आठ शनिवार-रविवार हौशी शर्यतींत घालवतो. माझी गाडी १९९६ सालची माझदा मियाटा आहे. ती शर्यतीसाठी तयार होण्याच्या कितीतरी आधी, साउथ हेवनजवळच्या जिंजरमॅन रेसवेवर मी पहिल्यांदा शिकाऊ गटात उतरलो, आणि त्याच दिवशी दुपारी माझा काचेवरचा कॅमेरा निखळला. सकाळी थंड काचेवर घट्ट बसलेली रबरी वाटी दुपारच्या उन्हात सैल झाली होती. मधल्या वेळात मी टायरची हवा तपासली, चाकांचे नट आवळले, इंजिनचे तेल पाहिले. कॅमेऱ्याला मात्र हात लावून पाहिला नाही. गाडी उजव्या वळणात शिरली तसा ठक् आवाज झाला, कॅमेरा डॅशबोर्डवरून डावीकडे घसरला, माझ्या नडगीवर आपटला आणि पायांशी पडला. अमेरिकेत चालक डावीकडे बसतो, आणि उजव्या वळणात गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू डावीकडे, म्हणजे थेट त्याच्या पायांकडे येते.

शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाने मला खाली बघू दिले नाही. त्याने नजर समोर ठेवायला सांगितली, पुढे सरळ रस्ता लागताच ब्रेक हलकेच दाबून बघायला सांगितला, आणि मी दाबला तेव्हा पेडल अर्ध्यावर जाऊन काहीतरी टणक लागावे तसे थांबले. मग मी खिडकीतून मूठ वर धरून मागच्यांना इशारा केला, ॲक्सिलरेटर सोडला, एकेक गिअर उतरवत आणि उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर गाडी सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबण्याच्या जागेत, आणली. कॅमेरा पेडलखालून बाहेर काढला तेव्हा त्याच्या कडेवर पेडलच्या रबराच्या काळ्या आडव्या रेघा उमटलेल्या होत्या. प्रशिक्षक मला एक शब्दही बोलला नाही. त्याने स्वतःच्या पेटीतून पोलादी तारेचे एक वेटोळे आणून माझ्या हातात ठेवले. ती तार अजून माझ्याकडे आहे.

या प्रसंगानंतर मी एक साधे गणित मांडले. हल्लीचा लहान ॲक्शन कॅमेरा साधारण १५० ग्रॅम वजनाचा असतो. गाडी भिंतीवर किंवा दुसऱ्या गाडीवर जोरात आदळली, तर क्षणभर गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट जोर सहज येऊ शकतो, आणि त्या क्षणी हा इवलासा कॅमेरा आपल्या बांधणीला साडेसात किलोच्या वस्तूसारखा ओढतो. ती बांधणी सुटली, तर धातू आणि काचेचा हा गोळा चालकाच्या दिशेने कसा येईल हे कोणीही समजू शकेल. म्हणून गाडीत कॅमेरा बसवताना ज्या प्रश्नाने सुरुवात करायची तो चित्र कसे येईल हा नाही. गाडी उलटली तर ही वस्तू कुठे जाईल, हा आहे. इथल्या बहुतेक क्लबांत तांत्रिक तपासणी करणारे स्वयंसेवक कॅमेरा हाताने धरून जोरात हलवून पाहतात आणि तो जरासा जरी डुलला, तरी काढून ठेवायला लावतात. नवख्यांना ही अरेरावी वाटते. मला ती कधीच वाटली नाही.

रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्या माणसाला वाचवणारा पोलादी नळ्यांचा सांगाडा, असलेल्या गाडीत कॅमेऱ्याची सर्वांत चांगली जागा म्हणजे दोन्ही सीटांच्या मागून जाणारी आडवी नळी. त्या नळीभोवती दोन बोल्टने आवळला जाणारा धातूचा क्लॅम्प लावावा, क्लॅम्प आणि नळी यांच्यामध्ये रबराची पातळ पट्टी द्यावी, आणि कॅमेरा आणि क्लॅम्प यांच्यामधला दांडा जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवावा, कारण लांब दांडा थरथरतो, चित्रही बिघडवतो आणि सांधाही सैल करतो. नळीला भोक पाडायचा विचार कोणी मनातही आणू नये. ती नळी आपले डोके वाचवण्यासाठी आहे. याशिवाय कॅमेऱ्याला पोलादी तारेची दुसरी बांधणी हवीच, आणि ती क्लॅम्पला न बांधता नळीच्या वेगळ्या भागाला बांधलेली हवी. या तारेची लांबी हाच खरा मुद्दा आहे, आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. क्लॅम्प तुटला तरी कॅमेरा चालकाच्या डोक्यापर्यंत किंवा पायांपर्यंत पोचणार नाही इतकीच ती लांब असावी. माझी तार वीतभर आहे.

धडकेत चालकाचे डोके आणि हात किती दूर फेकले जातात याचा अंदाज आपल्याला नसतो. पट्टे कितीही आवळलेले असले तरी ते ताणले जातात, मान ताणली जाते, आणि डोके अशा ठिकाणी पोचते की बसल्या बसल्या ते तिथे पोचेल असे वाटतही नाही. म्हणूनच डोक्याजवळच्या नळ्यांवर टणक फोमचे आवरण घालतात, आणि म्हणूनच त्या नळ्यांवर कॅमेरा लावायचा नसतो. हेल्मेटवर कॅमेरा लावण्याबद्दल तर माझे मत पक्के आहे, की तो लावू नये. हेल्मेट गुळगुळीत आणि गोल असण्याला कारण आहे; एखाद्या वस्तूला लागल्यावर ते घसरावे, अडकू नये. त्यावर उंचवटा बसवला की घसरण्याची सोय संपते आणि मानेला पीळ बसण्याची सोय होते. अनेक क्लबांनी त्यावर बंदी घातली आहे ती योग्यच आहे.

शर्यतीच्या गाडीतून थेट प्रक्षेपण करण्याची कल्पना फार जुनी नाही. ऑस्ट्रेलियात १९७९ सालच्या बाथर्स्टच्या शर्यतीत तिथल्या चॅनेल सेव्हनने पीटर विल्यमसन यांच्या टोयोटा सेलिकात कॅमेरा बसवला आणि शर्यत चालू असताना थेट गाडीतले चित्र घरोघर दाखवले. तेव्हा त्यासाठी अवजड यंत्रसामग्री लागली होती. आज तेच काम मुठीत मावणारी वस्तू करते. वजन असे उतरले तशी त्या वस्तूबद्दलची सावधगिरीही उतरली, असे पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीच्या गाड्या उभ्या असतात त्या आवारात, फिरताना मला नेहमी जाणवते.

आता चित्रणाविषयी. उपयोगी चित्रात चार गोष्टी एकाच वेळी दिसायला हव्यात: समोरचा रस्ता, चालकाचे स्टिअरिंगवरचे हात, आतला आरसा आणि हेल्मेटचा मागचा भाग. हेल्मेट का, तर डोके कोणत्या क्षणी कुठे वळले हे त्यावरूनच कळते. अतिरुंद चित्र घेतले की वेग खूप भासतो, पण समोरची गाडी आहे त्याहून फार लांब दिसते, म्हणून मी मधला कोन ठेवतो. सेकंदाला ६० चित्रे घेतो, कारण घटनाक्रम तपासायची वेळ आली की ३० कमी पडतात. चित्र स्थिर करण्याची सोय मी पूर्ण बंद ठेवतो. ती चालू असली की बाहेरचा रस्ता स्थिर राहतो आणि गाडीचा अंतर्भागच हेलकावे खातो, आणि मग गाडी खरोखर घसरली की कॅमेऱ्याने तसे दाखवले हे समजत नाही. उजेडाचे मोजमाप समोरच्या काचेवर धरून कायम करावे लागते, नाहीतर काळोख्या गाडीच्या हिशेबाने कॅमेरा बाहेरचे सगळे पांढरे करून टाकतो, आणि त्या पांढऱ्यात ट्रॅकच्या कडेला उभ्या मार्शलने दाखवलेला धोक्याचा पिवळा झेंडा दिसेनासा होतो.

आवाजाला लोक कमी लेखतात. माझ्या मते गाडी चालवायला शिकण्याच्या दृष्टीने अर्धे चित्रण आवाजातच असते. एका वळणात मी ॲक्सिलरेटर सोडतच नाही, असे मी दोन मोसम सगळ्यांना सांगत होतो. एका हिवाळ्यात, बाहेर बर्फ पडत असताना, मी डोळे मिटून केवळ आवाज ऐकला. वळणाच्या तोंडाशी इंजिनचा सूर दर फेरीला क्षणभर खाली बसत होता. मी पाय उचलत होतो आणि मला ते ठाऊक नव्हते.

विजेचा प्रश्न मात्र नीट समजून घ्यायला हवा. बंद गाडीत उन्हाळ्यात कॅमेऱ्याची बॅटरी तापते आणि कॅमेरा मध्येच बंद पडतो, म्हणून पुष्कळ लोक बॅटरी काढून टाकतात आणि गाडीच्या विजेवर कॅमेरा चालवतात. त्यात एक धोका आहे. शर्यतीच्या गाडीत किल स्विच असतो. तो ओढला की गाडीतली सगळी वीज एकदम तुटते, आणि अपघातानंतर चालकाने सर्वांत आधी तोच ओढायचा असतो. बॅटरी नसलेल्या कॅमेऱ्याला अशा वेळी चालू असलेली फाइल बंद करायला अवधी मिळत नाही, आणि नेमकी जी मिनिटे हवी असतात तीच अनेकदा उघडत नाहीत. चित्रण वाचवण्यासाठी कोणी किल स्विच ओढायला एक क्षणही थांबू नये. त्याऐवजी कॅमेऱ्यात चांगली बॅटरी ठेवून तिला गाडीतून वीज पुरवावी, किंवा वीज तुटल्यावर फाइल पूर्ण करण्यापुरती साठवण आतच असलेला, शर्यतीसाठी बनवलेला कॅमेरा घ्यावा. याचा जो अनुभव मला आला, तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

ओहायोमध्ये लेक्झिंग्टन गावाजवळ मिड-ओहायो नावाचा सुंदर, चढउतारांचा ट्रॅक आहे. तिथे मागच्या लांब सरळ रस्त्याच्या शेवटी जोरात ब्रेक लावून उजवीकडे वळावे लागते. त्या जागेला चायना बीच म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका क्लबच्या शर्यतीत त्या वळणावर एका निळ्या मियाटाचा आणि माझा संपर्क झाला. ती आतल्या बाजूने आली, तिचे पुढचे डावे चाक माझ्या उजव्या दाराला लागले आणि मी गिरकी घेऊन बाहेर फेकलो गेलो. निळ्या गाडीतून धूर निघू लागला, तिच्या चालकाने लगेच इंजिन आणि किल स्विच बंद केले आणि तो बाहेर पडला. दोघांनाही काही लागले नाही. पॅडॉकमध्ये परतताना माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती: तो खूप लांबून, जागा नसताना आत घुसला होता. मला तसे स्पष्ट आठवत होते. निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांनी चित्रण मागितले तेव्हा मी ते स्वतः न पाहता, खात्रीने, मेमरी कार्ड काढून त्यांच्या हातात दिले. त्या चालकाचे चित्रण किल स्विचबरोबर गेले होते. त्याच्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

चित्रणात जे दिसले ते असे. ब्रेक लावायच्या आधीच निळी गाडी माझ्या आतल्या आरशात उजवीकडे सरकताना दिसत होती, मग ती आरशातून जाऊन उजव्या खिडकीत आली, आणि मी स्टिअरिंग वळवले त्या क्षणी तिचे पुढचे चाक माझ्या दाराच्या मध्यावर होते. घरी आल्यावर मी एकेक चित्र मोजले. ती गाडी आरशात दिसू लागल्यापासून माझे हात हलेपर्यंत ८४ चित्रे होती, म्हणजे १.४ सेकंद. त्या सगळ्या वेळात माझे हेल्मेट जरासुद्धा वळले नव्हते. मी आरशात पाहिलेच नव्हते, आणि जे पाहिले नव्हते त्याची आठवण माझ्या मनाने नंतर स्वतःच तयार केली होती. चूक माझी ठरली, मला ताकीद मिळाली आणि काही काळ माझ्या वागण्यावर नजर ठेवली गेली. निळ्या गाडीचा चालक वयाने मोठा होता; मी त्याची माफी मागायला गेलो तेव्हा तो आपल्या गाडीच्या पत्र्याची घडी सरळ करत होता. त्याने हातोडी खाली ठेवली आणि मला विचारले, मान दुखत नाही ना.

हौशी शर्यतींत संपर्काची गंभीरपणे दखल घेतली जाते याचे कारण उघड आहे. सोमवारी सगळ्यांना कामावर जायचे असते. अमेरिकेतल्या पोर्श क्लबचा '१३/१३' नावाचा नियम प्रसिद्ध आहे. त्यात संपर्काला जबाबदार ठरलेल्या चालकाला १३ महिने देखरेखीखाली ठेवतात, आणि त्या काळात तो पुन्हा जबाबदार ठरला तर १३ महिने शर्यतीबाहेर. असे नियम न्यायाने चालायचे तर साक्ष खरी हवी, आणि शर्यतीतून नुकत्याच उतरलेल्या माणसाची साक्ष, मग तो कितीही सच्चा असो, भरवशाची नसते हे मी स्वतःवरून सांगतो. त्या दिवशी माझ्या गाडीत कॅमेरा नसता, तर एका निरपराध माणसाला दोष लागला असता आणि मी आजही तो दोष त्याचाच मानत असतो. तेव्हापासून माझा एक नेम आहे. सत्र संपले की त्याच दुपारी, हातपाय धुऊन आणि काही खाऊन झाल्यावर, मी चित्रण एकदा केवळ आरशांसाठी आणि एकदा केवळ झेंड्यांसाठी पाहतो. फेरीची वेळ त्यानंतर.

वेळेवरून आठवले. फेरी चालू असताना तुम्ही स्वतःच्याच सर्वांत वेगवान फेरीच्या किती पुढे-मागे आहात हे सतत दाखवणारे छोटे पडदे आता स्वस्त झाले आहेत आणि ते शिकायला खरोखर उपयोगी आहेत, पण शर्यतीत मी माझा पडदा झाकून ठेवतो. ताशी १०० मैलांवर गाडी सेकंदाला जवळजवळ ४५ मीटर जाते. मी पुढे आहे हे सांगणारा हिरवा आकडा बघण्यासाठी तेवढे अंतर आंधळेपणाने जाणे मला परवडत नाही.

कॅमेऱ्याला जे दिसत नाही, त्याबद्दल आता लिहितो, कारण भाच्याने त्याबद्दल काही विचारलेच नव्हते. १९८१ साली याच मिड-ओहायो ट्रॅकवर चाचणी घेताना पॅट्रिक जॅकमार हा फ्रेंच चालक गेला. पट्ट्यांनी शरीर सीटला धरून ठेवले, डोके पुढे गेले आणि कवटीच्या तळाचे हाड मोडले. त्याचे मित्र जिम डाउनिंग स्वतः शर्यतीचे चालक होते, आणि त्यांचे मेहुणे रॉबर्ट हबर्ड मिशिगन स्टेट विद्यापीठात जैवयांत्रिकीचे प्राध्यापक होते. हे विद्यापीठ माझ्या घरापासून दीड तासावर आहे. या दोघांनी मिळून हॅन्स नावाचे साधन घडवले: खांद्यांवर बसणारी एक कडक कॉलर, जी पट्ट्यांखाली दाबली जाते, आणि तिच्यापासून हेल्मेटपर्यंत दोन्ही बाजूंना आखूड दोर. डोके आणि हेल्मेट मिळून साधारण साडेसहा किलो होतात. वर सांगितलेल्या ५० पटीने तो भार सव्वातीनशे किलोंच्या घरात जातो, आणि हॅन्स नसेल तर तो सगळा एकट्या मानेवर येतो. साधन तयार असूनही वर्षानुवर्षे बहुतेक चालकांनी ते अवघडते म्हणून वापरले नाही. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत नास्कार या अमेरिकी शर्यतमालिकेचे नामांकित चालक डेल अर्नहार्ट गेले, तेही कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाने. त्याच वर्षी नास्कारने डोके आणि मान धरून ठेवणारे साधन सक्तीचे केले, आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये हॅन्स सक्तीचे झाले. पहिल्या मृत्यूपासून या सक्तीपर्यंत वीस वर्षे गेली, याचे मला आजही फार वाईट वाटते.

हेल्मेटचेही असेच आहे. पीट स्नेल नावाचे एक हौशी चालक १९५६ साली शर्यतीत डोक्याला मार लागून गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या मित्रांनी त्यांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन केले. आज मोटार शर्यतीच्या हेल्मेटवर 'एसए' हा शिक्का शोधायचा तो त्याच स्नेल प्रतिष्ठानाचा. त्यापुढे २०२० किंवा २०२५ असे मानकाचे वर्ष असते. भाच्याकडे दुचाकीचे आयएसआय शिक्क्याचे चांगले हेल्मेट आहे, आणि दुचाकीसाठी ते ठीकच आहे. पण मोटारीच्या हेल्मेटचे अस्तर आग न पकडणारे असावे लागते, आणि रोल केजच्या नळीसारख्या वस्तूवर आपटण्याची चाचणीही त्याला द्यावी लागते. दुचाकीचे हेल्मेट या दोन्हींसाठी बनवलेले नसते. अंगातल्या सूटचेही एसएफआय या अमेरिकी मानकाचे आकडे असतात: '३.२ए/५' प्रतीचा सूट आगीत अंग भाजण्याआधी साधारण १० सेकंद देतो, '३.२ए/१' केवळ ३. हार्नेसच्या, म्हणजे शर्यतीच्या सीटच्या, पट्ट्यांना तारीख असते, कारण ऊन लागून धागा आतून कमकुवत होतो आणि वरून मात्र नव्यासारखा दिसतो.

इथे भाच्याला एक ठाम सल्ला. त्याची रोजची गाडी आहे, तिच्यात रोल केज नाही, म्हणून बाजारात मिळणारे चार टोकांचे 'रेसिंग' पट्टे त्याने लावू नयेत. कंपनीने दिलेला तीन टोकांचा पट्टाच वापरावा. गाडी उलटून छत खाली दबले, तर तीन टोकांच्या पट्ट्यात माणूस बाजूला कलू शकतो. खांदे दोन्हीकडून जखडले असतील तर त्याला ताठच बसावे लागते, आणि छत खाली येतच असते. शिवाय मधून, मांड्यांमधून वर येणारा पट्टा नसेल, तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा ओढून पोटावर आणतात, आणि पोटात हाड नसते.

आगीचे १० सेकंद लिहिले, त्यावरून एक गोष्ट सांगायची राहिली. दर वर्षी मोसमाच्या सुरुवातीला मी गॅरेजमध्ये सगळा जामानिमा चढवून, पट्टे आवळून, डोळे मिटून गाडीत बसतो, आणि पत्नीने 'हं' म्हटले की खिडकीची जाळी सोडून, स्टिअरिंग काढून, पट्टे उघडून बाहेर पडतो. ती मोबाइलवर वेळ लावते. एका वर्षी मी निम्मा बाहेर आलो आणि मागे ओढला गेलो. हॅन्सच्या कॉलरच्या मागच्या टोकात कॅमेऱ्याची वीज नेणारी वायर अडकली होती. ती केजच्या नळीवरून सैल लोंबत होती आणि बसल्या जागेवरून मला कधीच दिसली नव्हती. डोळे मिटलेले असल्याने काय अडकले आहे तेही कळेना. पत्नी सेकंद मोजत होती, ती मोजायची थांबली आणि धावत आली. एकवीस सेकंद झाले होते. त्याच संध्याकाळी ती वायर मी नळीच्या खालच्या बाजूने, दर चार बोटांवर केबल टाय लावून, थेट जमिनीपर्यंत नेली आणि कॅमेऱ्याजवळ असा सांधा दिला, की ओढ बसताच तो आपोआप सुटावा.

चित्रण कोणाला दाखवायचे यावरही थोडे लिहायला हवे. स्वतःच्या चुकीचे चित्रण मी शिकाऊ मुलांना बोलावून दाखवतो. चायना बीचवरची ती ८४ चित्रे आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येकाने पाहिली आहेत. दुसऱ्याच्या अपघाताचे चित्रण मी आयोजकांना आणि त्या चालकाला देतो, त्याखेरीज कोणालाही नाही. ज्याची गाडी उलटली त्याच्या घरच्यांना तो सुखरूप आहे हे कळायच्या आत ते दृश्य त्यांच्या मोबाइलवर पोचणे फार क्रूर आहे, आणि आज ते काही मिनिटांत पोचते.

भाच्याच्या गाडीत केज नाही, तेव्हा आम्ही असे ठरवले: शेजारच्या सीटच्या डोक्याच्या उशीला दोन धातूच्या सळ्या असतात, त्या दोन्हींना धरणारी पट्टी लावायची, तिच्यावर कॅमेरा, आणि सीटच्या लोखंडी सांगाड्याला बांधलेली वेगळी पोलादी तार. शेजारी कोणी बसणार असेल तर कॅमेरा अजिबात लावायचा नाही. एसए शिक्क्याचे हेल्मेट त्याने मागवले आहे. काल रात्री त्याने बांधणीचे फोटो पाठवले. पट्टी घट्ट दिसते, वायर नीट बांधली आहे, पण तार हातभर लांब आहे आणि कॅमेरा सुटला तर तिच्यासकट हँडब्रेकच्या पलीकडे, त्याच्या पायांपर्यंत जाऊ शकतो. ती वीतभर करून पुन्हा फोटो पाठव, असे मी त्याला कळवले आहे.